अंग चोरून बसलेली हवा

मंजू, इकडे ये बघू. जवळ बस, लांबून ओरडून बोलण्याची गोष्ट नाही ही. परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, की लेकीचा व्हॉलीबॉल गॅरेजमध्ये राहिला, थंडीने पार मऊ पडला, मग तो कचऱ्यात टाकला आणि नवा आणला. मी तेव्हा नुसतं 'हं' म्हटलं आणि तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. पण फोन ठेवल्यावर मला राहवेना. अगं, कोणाची मुलगी तू? चेंडू मऊ पडला म्हणून टाकून देतात? त्याला भोक नव्हतं पडलं. त्याला थंडी वाजत होती. घरात आणून ठेवला असतास तर थोड्या वेळात पुन्हा उड्या मारायला लागला असता. तुझ्या बाबांनी हे ऐकलं असतं तर ते तुला काही बोलले नसते, नुसते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले असते. त्यांचं रागावणं तसंच असायचं.

मी मात्र बोलणार. आता पत्र लिहायला घेतलंच आहे तर सगळं ऐकून घे.

बडोद्यात यंदा थंडी चांगली पडली आहे. तुझ्या तिकडच्या थंडीपुढे तिला थंडी म्हटलं की तुला हसू येईल, पण आम्हाला एवढीही पुरते. ट्रंकेतून शाली निघाल्या, घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास झाला. कारेलीबागेतल्या बायका पायात मोजे आणि वर चप्पल अशा स्कूटरवर जातात, कानाला ओढणी घट्ट बांधलेली. कोपऱ्यावर पोंकची गाडी लागली आहे, तो ज्वारीचा कोवळा हिरवा दाणा, वर शेव आणि लिंबू. हिरवा लसूण आला आहे. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन होत्या तेव्हा पहिली जुडी त्या माझ्याकडे आणून टाकायच्या, आता मीच आणते आणि एकटीपुरती चिरते. एकटीपुरता लसूण चिरणं मोठं कंटाळवाणं काम आहे, तुला नाही कळायचं एवढ्यात.

आपल्या सोसायटीचा कॉमन प्लॉट तसाच आहे. नवरात्रात गरबा, कोणाचं लग्न असलं की मांडव, एरवी मोकळा. तिथे हल्ली सकाळी मुली खेळायला येतात. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. डोळ्यांनी आता लांबचं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. सकाळी चेंडू जमिनीवर पडला की धप्प आवाज येतो, कणकेचा गोळा परातीत आपटावा तसा. मग हळूहळू समोरच्या ब्लॉकच्या भिंतीवरून ऊन खाली उतरतं, प्लॉटभर पसरतं, आणि तोच चेंडू टण्ण वाजायला लागतो. मला घड्याळ बघावं लागत नाही. मुलींना बिचाऱ्यांना कळतही नाही की आपण आता छान का खेळतोय. त्यांना वाटतं, हात बसला.

तो सकाळचा धप्प आवाज आला की मी हातातलं काम तसंच ठेवते. मला ती थंडी आठवते, कारखाना बंद झाला त्या वर्षीची. तू तेव्हा पुण्याला होस्टेलवर होतीस, शेवटच्या वर्षाला. तुला आम्ही एवढंच कळवलं होतं, की बाबा घरी असतात आणि सोसायटीतल्या लोकांबरोबर व्हॉलीबॉल खेळतात. तू हसली होतीस. तुला वाटलं, बाबांना बरी करमणूक मिळाली. आम्हीही तुला तसंच वाटू दिलं.

कसे दिवस होते ते बघ. शहरात रोज नवं काही उघडत होतं. टीव्हीवर चॅनेलांची रांग लागली होती, दुकानांच्या काचा मोठ्या होत होत्या, लोक नव्या गाड्या घेऊन देवळाबाहेर नारळ फोडत होते. आणि त्याच दिवसांत जुन्या कारखान्यांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. आपला भोंगा दिवाळीनंतर थांबला. दिवाळीच्या सुट्टीला म्हणून गेट बंद झालं आणि उघडलंच नाही. यांच्या लॉकरमध्ये जुना स्वेटर होता, तो तिथेच राहिला.

तुझे बाबा गेजवाले. कारखान्यात जिथे जिथे वाफ, हवा, पाणी कोंडून ठेवलेलं असतं तिथे तिथे एक गोल तबकडी लावलेली असते आणि तिच्यात काटा. तो काटा खरं बोलतो की खोटं, हे तपासायचं काम यांचं. सकाळच्या पहिल्या शिफ्टला सगळ्यात आधी ते करायचं, लाल खुणेपर्यंत काटा आला की पुढची माणसं कामाला लागायची. सगळी उमर त्यात गेली. माणसाकडे बघतानाही ते असे डोळे बारीक करून बघायचे, जणू कपाळावर काटा आहे.

कारखाना बंद झाला तरी हे पहिल्या शिफ्टच्या वेळेलाच उठत. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. मग हॉलमधल्या खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसत. पेपर पुढ्यात, पण पान उलटत नसे. मी स्वयंपाकघरात डबा भरायची. पहिल्यांदा सवयीने भरला गेला. नंतर न भरायची हिंमत होईना. वाटायचं, डबा भरला नाही तर आपणच यांना सांगितल्यासारखं होईल. मग दुपारी तोच डबा ताटात उलटा करून वाढायचा. ते खायचे. 'भाजी छान झालीय' म्हणायचे. दिवसभरात तेवढंच वाक्य.

मला भीती एकच होती आणि ती मी कोणाजवळ बोलले नाही. हा माणूस घरात बसल्या बसल्या आपल्यातून निघून जाणार. पलीकडच्या सोसायटीत एक गृहस्थ असेच बसून राहिले होते, मिल बंद पडल्यावर. पुढे त्यांना बायको जेवलात का म्हणून विचारायची आणि ते तिला म्हणायचे, तुम्ही कोण. तसं झालं तर मी काय करू? डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. म्हणाले, 'काकी, काही नाही. ठणठणीत आहेत.' मी रिक्षात बसून घरी येईस्तोवर विचार करत होते, ठणठणीत आहेत तर मग हे कुठे गेले?

आणि एका सकाळी रमणभाई दारात. वरच्या मजल्यावरचे. बॉयलरवर होते ते, जाडजूड, आवाज असा की वाफेच्या शिट्टीवरून ऐकू जावा. कानटोपी, मफलर, खांद्यावर जुनं नेट आणि काखेत चेंडू. आत न येताच म्हणाले, "चालो वसंतभाई. शिफ्ट चालू थई."

मला वाटलं, आता हे उठून आत निघून जातील. पण ते उठले. पायात बूट घातले. आणि जाताना ओट्यावरचा डबा उचलला, मंजू. न विचारता, न बघता, जसा रोज उचलायचे तसा. मी पदराआड तोंड धरून स्वयंपाकघरात उभी राहिले.

तशी ती सुरुवात. आपल्या आणि शेजारच्या सोसायट्यांत मिळून त्या कारखान्याचे बरेच जण होते. साताऱ्याकडचे शिर्के भाऊजी, फिटर, ते तर अगदी लांबून सायकल मारत यायचे. सगळ्यांच्या झोपा पहिल्या शिफ्टलाच उडायच्या, मग घरात करणार काय. अंधुक उजेडात नेट बांधायचे, तोंडातून वाफा, आणि खेळ सुरू. पोटं सुटलेली, गुडघे दुखणारे. चेंडूपेक्षा भांडणच जास्त वर उडायचं. पण खरी गंमत पुढे. कारखान्यात ज्या वेळी रिसेस व्हायची त्या वेळी खेळ थांबायचा. सगळे जण भिंतीच्या कडेला उन्हात मांडी घालून बसायचे आणि डबे उघडायचे. घर चार पायऱ्यांवर, वर गरम चूल पेटलेली, आणि ही माणसं खाली बसून गार डब्यातलं खाताहेत. यांच्या डब्यातली वाटली डाळ रमणभाईंना जायची, रमणभाईंचा ओळो, म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, शिर्के भाऊजींना, शिर्क्यांच्या भाकरीवरचा ठेचा सगळ्यांना. इतकी वर्षं तसंच खाल्लं होतं ना त्यांनी. हंसाबेन, म्हणजे रमणभाईंची बायको, मला जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "भाभी, आज शुं मोकल्युं?" आज डब्यात काय पाठवलंस, म्हणून. आम्ही दोघी हसायचो. पण डबे कोणी बंद केले नाहीत. कुठल्याच घरात नाही.

मग पौषातली खरी थंडी सुरू झाली आणि चेंडूचं ते प्रकरण निघालं.

मी गॅलरीत पायपुसणी झटकत होते. खाली खेळ थांबलेला, सगळे चेंडूभोवती गोळा. रमणभाई अंगठ्याने दाबून बघतायत.

"हवा ओछी छे," ते म्हणाले. "पंक्चर."

"पंक्चर कसलं, काल संध्याकाळी टणक होता," शिर्के भाऊजी म्हणाले. "तुमचा व्हॉल्व्ह गळतोय रमणभाई. तुमचे सगळे व्हॉल्व्ह गळायचे."

"मारा वाल्व? अने तमारी पाईपलाईन?"

जुनी भांडणं बरं का, ती खाली प्लॉटवर पुन्हा एकदा सुरू झाली. शेवटी आपल्या घरची बादली मागवली. पाणी असं गार की हात घातला की हाडापर्यंत जावं. त्यात चेंडू बुडवून धरला आणि ही सगळी माणसं उकिडवी बसून बुडबुडे शोधायला लागली. एकही बुडबुडा येईना. शिवणीतून नाही, व्हॉल्व्हमधून नाही. पुसला, तसाच मऊ. मग ऊन वर आलं, खेळता खेळता तो आपोआप टणक झाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा मऊ.

त्या दिवशी घरी येऊन तुझे बाबा बोलले. मी भाखरी लाटत होते. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि बोलायलाच लागले. म्हणाले, "अगं, हवा कुठे जात नाहीये. आहे तेवढीच आहे आत. पण थंडीत तिचा जोर कमी होतो. एरवी ती आतून सगळीकडे धडका देत असते ना भिंतीला, म्हणून चेंडू टणक. गारठली की धडका मंदावतात. आपण नाही का रजईत गुडघे पोटाशी घेऊन पडतो? तशी ती अंग चोरून बसते. ऊन लागलं की हातपाय पसरते पुन्हा."

मी म्हटलं, "मग सकाळी थोडी भरायची वरून."

"भरायची नाही. सकाळी भरली आणि दुपारी ऊन तापलं की तीच हवा जास्त होते. शिवण उसवेल. आहे तिलाच ऊब द्यायची."

मला त्यातलं किती कळलं देव जाणे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तव्यावरची भाखरी करपली आणि त्यांनीच ती उलटली. कितीतरी दिवसांनी हा माणूस माझ्याशी एवढं बोलला होता, हवेबद्दल का होईना.

त्या रात्रीपासून चेंडू आमच्या बिछान्यात. हो, हस तू. यांनी तो मफलरमध्ये गुंडाळून रजईत पायाशी घेतला. सकाळी खाली नेला तर आवाज टण्ण. रमणभाईंनी विचारलं तर सांगून मोकळे झाले, की चेंडू रजईत होता. ती बातमी जिन्याने वर आली. हंसाबेन दुपारी अडदिया घेऊन आल्या, उडदाची ती तुपात थबथबलेली वडी, आणि तोंड अगदी गंभीर करून म्हणाल्या, "भाभी, तमारी शोक्य माटे पण लावी छुं." तुमच्या सवतीसाठी पण आणलीय.

"ठेवा तिच्या उशाशी," मी म्हटलं. "मला मेलीने पाय पसरायला जागा ठेवली नाही."

आत खुर्चीत बसून तुझे बाबा ऐकत होते. त्यांचे खांदे हलताना मी बघितले. हसत होते.

मी शिकलेली नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं जे काही आलं ते वाचनालयाच्या कपाटातून आणि माणसांकडून. पण त्या दिवसांत मी पायाशी तो गोळा घेऊन पडल्या पडल्या खूप विचार केला. मी यांच्यात भोक शोधत होते. कुठून गळतायत, काय फाटलंय, कोणाला दाखवू. आणि भोक नव्हतंच. माणूस सगळाच्या सगळा आत होता. त्याला बाहेरून गार लागलं होतं, एवढंच. आपल्याकडे मऊ पडलेल्या माणसाला लोक लगेच भरायला येतात. धीर धरा, दुसरं काही बघा, दुकान टाका, देव आहे. पंपाने भरतात नुसते. तेवढ्यापुरतं बरं दिसतं. ऊब द्यायला मात्र वेळ लागतो आणि जवळ राहावं लागतं, ते कोणाला परवडत नाही.

हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. यांनाही नाही. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं असतं.

उतराण आली, म्हणजे आपली संक्रांत. तुला बडोद्याची उतराण काय सांगायची, सगळं शहर गच्चीवर. तिळाची चिक्की, उंधियु, जिलबी, कानठळ्या बसवणारी गाणी. त्या दिवशी सकाळी पलीकडच्या समा भागातल्या एका सोसायटीतली माणसं मुद्दाम मॅच खेळायला आली होती. आदल्या रात्री मांजा-फिरक्यांच्या गडबडीत चेंडू गच्चीवरच राहिला आणि थंडी तर अशी पडली होती की टाकीच्या नळाला हात लाववत नव्हता. चेंडू अगदी लिबलिबीत. समावाले खाली हसतायत. आता बघ काय झालं. रमणभाईंनी सायकलचा पंप आणला. शिर्के भाऊजींनी सुई धरली. आणि तुझ्या बाबांनी अंगठा ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "अजून. अजून थोडी. हं, बस."

सकाळची वेळ, पहिली शिफ्ट, काटा खुणेपर्यंत आणायचा. तिघांचेही हात आपोआप चालले. ज्याने मला करपत्या भाखरीसमोर सगळं समजावलं होतं त्यालाही आठवलं नाही.

मॅच झाली, आपले हरले. मग चेंडू पुन्हा गच्चीवर गेला आणि टाकीच्या पत्र्यावर राहिला. वारा पडलेला, पतंग लटकलेले, ऊन सणसणीत. दुपारी आम्ही उंधियु वाढत होतो तर हंसाबेन ओरडल्या, "अरे जुओ, बॉले ईंडुं मूक्युं." बघा, चेंडूने अंडं घातलं. खरंच गं. एका बाजूची शिवण सैल होऊन तिथून हा एवढा फुगवटा बाहेर आलेला.

तिघं त्या चेंडूकडे बघत उभे राहिले. जन्मभर ज्यांनी मोठमोठ्या टाक्यांचा दाब सांभाळला, कोणाच्या अंगाला चटका बसू दिला नाही, ती माणसं. आधी रमणभाई हसले. मग हे. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजूबाजूच्या गच्च्यांवरचे लोक बघायला लागले. शिर्के भाऊजीही हसत होते आणि हसता हसता ते कठड्यावर बसले आणि त्यांचं हसणं थांबेना, आणि मग आमच्या लक्षात आलं की ते हसत नाहीयेत. रमणभाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वहिनी, माझी बॅग भरलीय," शिर्के भाऊजी म्हणाले. "परवा निघतो. गावाला भाऊ आहे. इथे आता किती दिवस सायकल मारायची?"

मी त्यांच्या ताटात आणखी एक जिलबी वाढली. दुसरं काय करणार होते.

शिर्के गेले तसे एकेक जण गेले. कोणी लेकाकडे सुरतेला, कोणी कुठे पहारेकरी म्हणून लागला. रमणभाईंना करजणला मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला बोलावलं. पहाटेची बस धरायचे, रात्री यायचे. जाताना जिन्यात आमच्या दाराशी क्षणभर थांबायचे, हे मला त्यांच्या बुटांवरून कळायचं. बेल वाजवायचे नाहीत. नेटच्या दोन्ही बाजूंना मिळून माणसं कमी कमी होत गेली. डबे मात्र यांचे चालू होते.

आणि मग ती सकाळ. उतराणीनंतर थंडी जराशी ओसरून पुन्हा जोरात आली होती. हे नेहमीसारखे खाली गेले. मी गॅलरीतून वाकून बघितलं. त्यांनी एकट्याने नेट बांधलं होतं, दोन्ही टोकं घट्ट. आणि एका बाजूला चेंडू धरून उभे. समोर कोणी नाही. खेळत नव्हते, फिरत नव्हते, नुसते उभे. खुर्चीत बसायचे ना, दाराकडे तोंड करून, अगदी तसे. म्हटलं, हे पुन्हा निघाले.

मी गॅस बंद केला आणि होते तशी खाली गेले.

"कोणी नाही आलं?"

"नाही."

"मग वर चला. गारठाल."

"नेट बांधलंय," ते म्हणाले. एवढंच.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि वाकून नेटच्या पलीकडे गेले. "टाका."

"तुला नाही यायचं."

"तुम्हाला तरी कुठे येतं? टाका म्हणते ना."

त्यांनी टाकला. माझ्या खांद्याला लागून झाडापाशी गेला. मी आणून परत फेकला, तो नेटमध्ये. त्यात तो अंडं घातलेला चेंडू, सरळ कधी जायचाच नाही. वरून हंसाबेन केस विंचरता विंचरता बघत होत्या. "भाभी, साडी संभाळजो," म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या आत गेल्या. त्यांना कळलं होतं.

"मुठीने नाही गं," हे म्हणाले. "हात जोड. मनगटावर घे. त्याला मारायचं नाही, नुसतं वर पाठवायचं." मी घेतला तर बांगड्या वाजल्या आणि मनगटाला लागलं. ते नेटखालून अलीकडे आले. माझा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी कोपराकडे सरकवली, गेजचा बारीक स्क्रू पिळतात तशा हलक्या बोटांनी. भर सकाळी, सगळ्या सोसायटीसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा हात त्यांनी घरातही कधी धरला नव्हता.

मग ऊन आलं. माझी मनगटं लाल, यांच्या कपाळावर घाम. चेंडू एकदा या बाजूने त्या बाजूला जाऊन परत आला, खाली न पडता. त्यांनी तो पकडला, गालाला लावून बघितला आणि माझ्याकडे दिला. कोमट झाला होता आणि टणक. "बघ," म्हणाले, "आपण काही भरलं नाही त्यात."

थंडी संपेपर्यंत आम्ही रोज खेळलो. लोक हसले असतील. हसू देत. होळीनंतर कोणी ओळखीचं भेटलं आणि यांना एका वर्कशॉपमध्ये गेज दुरुस्तीचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. ते पूर्वीचे झाले असं मी म्हणणार नाही. पण पेपरचं पान उलटायला लागले. तुझ्या लग्नात नाचले, ते तू बघितलंस.

पुढची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. ते गेले तेव्हा तू विमानात होतीस. पौषच होता. दवाखान्यातली खोली गारेगार, खाली फरशी, भोवती त्या पांढऱ्या भिंती. सगळं संपलं म्हणून डॉक्टर सांगून गेले होते. मी त्यांचा हात धरून बसले होते. हात थंड. मी दोन्ही तळव्यांत घेऊन चोळत होते, शालीत गुंडाळत होते, पुन्हा चोळत होते. तिथली सिस्टर चांगली मुलगी होती, म्हणाली, "बा, हवे रहेवा दो." आता राहू द्या. मी ऐकेना. खिडकी पूर्वेची होती, ऊन यायला थोडा अवकाश होता. मला वाटत होतं, जरा ऊन येऊ दे. मग बघू.

ऊन आलं. आधी पलंगाच्या दांडीवर, मग चादरीवर, मग त्यांच्या हातावर. आणि मंजू, हात थोडा ऊबदार झालाही. उन्हाने होतोच तो. कोणाचाही होतो.

हे मी तुला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तू आलीस तेव्हा तू रडत होतीस, मग तुला जायचं होतं, मग फोन, आणि फोनवर अशा गोष्टी सांगता येत नाहीत. फोनवर मी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करते.

त्या परवाच्या फोनमधली एक गोष्ट वर लिहायची राहिली. ठेवता ठेवता तू विचारलंस, "आई, मी येऊन जाऊ का चार दिवस?" आणि मी लगेच म्हणाले, कशाला एवढ्या लांब, लेकीची शाळा बुडेल, मी अगदी मजेत आहे. तुला ते खरं वाटलं. वाटणारच, माझा आवाज चांगला खणखणीत आहे. तुझे बाबाही तुला होस्टेलवर फोन करून तसंच सांगायचे, सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर. आपल्या घराला ते वळणच आहे. विचारलं की आम्ही नाही म्हणतो.

म्हणून आता विचारू नकोस. विचारलंस तर मी पुन्हा नाही म्हणेन आणि तू पुन्हा ऐकशील. तू नुसती ये. हिरवा लसूण आहे, पोंक आहे, सकाळी गॅलरीत दोन खुर्च्या मावतात. थंडी आहे तोवर ये, बाई. लवकर ये.